वेबपानावर हालचाल किती असावी? (आणि आईच्या फोनवर माझी चित्रं कुठे गेली?)

रेघोट्या | सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. मी पेन्सिलीने चित्रं काढते, प्रोग्रॅमिंग हा माझा प्रांत नाही. वर्षभर धडपडून एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचा सांगाडा आणि सजावट लिहायच्या भाषा) शिकले आणि स्वतःची साइट स्वतःच उभी केली. ४२ चित्रं, एक 'माझ्याविषयी' आणि एक संपर्काचा फॉर्म, एवढाच संसार. पण पान कसं निपचित पडल्यासारखं वाटायचं. म्हणून गेल्या आठवड्यात जरा जीव ओतला. आता स्क्रोल केलं की चित्रं खालून तरंगत वर येतात. चित्रावर माउस नेला की ते किंचित मोठं होतं आणि खाली सावली पडते. मथळ्यामागचा खरखरीत कागद मजकुरापेक्षा हळू सरकतो, त्याला पॅरलॅक्स म्हणतात म्हणे. आणि माझा सगळ्यात लाडका प्रकार: साइट उघडली की आधी एक पेन्सिल येते, अडीच सेकंद रेघ ओढते आणि मग पान दिसतं.

माझ्या लॅपटॉपवर अगदी दृष्ट लागण्यासारखं दिसतंय. आईला लिंक पाठवली. तिचा फोन सहा वर्षं जुना. ती म्हणाली, "पेन्सिल छान फिरते गं, पण चित्रं कुठायत?" स्क्रीनशॉट बघितला तर वर मथळा आणि खाली नुसतं पांढरं. बऱ्याच वेळाने चित्रं आली म्हणे, तीही अडखळत.

तर प्रश्न असे. पान कोरं का दिसतं? हालचालीसाठी तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) वापरली ते चुकलं का, हे सगळं स्वतः लिहायला हवं होतं का? आणि मुळात एवढी हालचाल हवी का?

टिचकी | सोमवार, रात्री ९.५५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साइट न बघताच देतो. तुमच्या सीएसएसमध्ये सगळ्या चित्रांची ओपॅसिटी (किती दिसावं ते) शून्य आहे आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावर चालणारी स्क्रिप्ट, ती एक करतं. हो ना? स्क्रिप्टला उशीर झाला किंवा ती मध्येच अडकली, की चित्रं शून्यावरच बसून राहतात. पान कोरं नाहीये, सगळी चित्रं जागेवर आहेत. फक्त दिसत नाहीत.

रेघोट्या | सोमवार, रात्री १०.०१

अगदी तसंच आहे! तुम्ही माझ्या मागे उभं राहून बघताय का?

टिचकी | सोमवार, रात्री १०.०८

नाही हो, हे दुखणं मी स्वतः काढलंय, म्हणून लांबूनच ओळखता आलं. उपाय म्हणजे उलटीकडून सुरुवात करा. मूळ सीएसएसमध्ये चित्रं दिसणारीच ठेवा. स्क्रिप्ट सुरू झाली की तिने एचटीएमएल टॅगला एक क्लास (नावाची खूण) लावायचा आणि लपवण्याचा नियम फक्त त्या क्लासखाली लिहायचा. म्हणजे स्क्रिप्ट आलीच नाही तरी चित्रं आपली गुपचूप उभी असतात.

आणि आता एक गंमत बघा. साइट उघडा, स्क्रोल न करता छपाईसाठी कंट्रोल-पी दाबा.

रेघोट्या | सोमवार, रात्री १०.१५

अकरा पानं. पहिल्यावर मथळा आणि दोन चित्रं. बाकी दहा कोरी. झोप उडाली माझी.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०.२०

कोणीतरी ती दहा पानं आधीच छापली असतील या विचाराने कागदाची दया आली.

टिचकी, एक दुरुस्ती. तो क्लास लावणारी ओळ पानाच्या सुरुवातीच्या हेड भागातच हवी, वेगळ्या फाइलमध्ये नको. नाहीतर चित्रं आधी दिसतात, मग गायब होतात आणि मग तरंगत परत येतात. ते आणखी वाईट. आणि क्लास लागल्यानंतर पुढची स्क्रिप्ट कोसळली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून मी एक टायमरही ठेवतो: ३ सेकंदांत पुढची स्क्रिप्ट उठली नाही तर क्लास काढून टाकायचा.

जुनाजाणता | सोमवार, रात्री ११.०३

धागा वाचून जुने दिवस आठवले. रेघोट्याताई, तुमच्या पेन्सिलीला आमच्या काळी 'इंट्रो' म्हणायचे.

आताच्या मुलांना सांगून पटत नाही. नेटस्केप या जुन्या ब्राउझरमध्ये ब्लिंक नावाचा टॅग होता. त्यात शब्द टाकला की तो लुकलुकायचा, बस. मग इंटरनेट एक्स्प्लोररने मार्की आणला, त्यात ओळच्या ओळ पानावरून सरकत जायची. दोन्ही एकाच पानात वापरणारे महाभाग होते, त्यांतला एक मी. ब्लिंक शेवटी फायरफॉक्सनेही २०१३ मध्ये काढून टाकला. मार्की मात्र मोठा चिवट: प्रमाणकात 'वापरू नका' असं लिहिलंय, तरी ब्राउझर अजून चालवतात. करून बघा.

जिफ हा चित्रफाइलचा प्रकार १९८७ चा, १९८९ च्या आवृत्तीत त्यात दोन चौकटींमध्ये किती वेळ जावा ते ठरवण्याची सोय आली आणि नेटस्केपने पुढे ती चित्रं अखंड फिरत ठेवायची युक्ती काढली. त्यातून फावडं मारणारा तो 'काम चालू आहे'वाला माणूस जन्माला आला. माझ्या साइटवर त्याने चार वर्षं खोदलं, काम काही चालू झालं नाही.

आणि मग फ्लॅश, पानावर हलती चित्रं करायचं सॉफ्टवेअर. १९९६ पासून मॅक्रोमीडियाकडे, २००५ मध्ये अडोबीकडे. मी त्यात दिवसरात्र घालवलेत, त्यामुळे वाईट बोलणार नाही. चित्रकाराला प्रोग्रॅमर न होता पान हलवता यायचं, ते सुख नंतर कशात मिळालं नाही. पण आम्ही केलं काय, तर प्रत्येक साइटच्या दारात वीस सेकंदांचा सिनेमा उभा केला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'इंट्रो वगळा'. लोक पानावर येऊन पहिलं काय शोधायचे, तर ते बटण. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोनवर फ्लॅश का नाही याचं जाहीर पत्र लिहिलं तेव्हा मी चिडलो होतो. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर दाखवणंच बंद केलं. माझी निम्मी कामं त्या दिवशी गेली.

सांगायचं ते एवढंच की पेन्सिल सुंदर असेल, पण ती दारात आडवी उभी आहे. तिला आत घ्या.

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ७.१०

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नको. अजिबात नको. चित्र बघायला आलोय तर चित्र दाखवा. ते तरंगत येतंय, मी वाट बघतोय, हे कशासाठी? कागदावरचं पुस्तक कधी तरंगत आलं नाही.

बिनधास्त_बटण | मंगळवार, सकाळी ७.४५

काका, पुस्तकाचं पान उलटताना हालचाल होतेच की. पान अचानक गायब होऊन दुसरं हातात आलं असतं तर तुम्ही पुस्तक टाकून पळाला असता :)

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ७.५१

ते पान मी उलटतो. ते स्वतःहून उलटत नाही.

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ९.३०

काकांनी सहज म्हटलं, पण मुद्दा नेमका पकडला.

मी रोजच्या वापरातल्या अॅपचे पडदे बनवतो. आमच्याकडे एक यादी होती. ओळीवरचं 'काढा' दाबलं की ओळ तत्क्षणी नाहीशी व्हायची आणि खालच्या ओळी वर सरकायच्या. लोकांच्या तक्रारी: "भलतीच ओळ गेली." भलती जात नव्हती. पण डोळ्यादेखत यादी बदलली की आपण कुठली काढली याचीच खात्री राहत नाही, आणि बोट तिथेच असल्याने दुसऱ्यांदा दाबलं की खरंच भलती जायची. आम्ही ओळ २०० मिलिसेकंदांत उजवीकडे सरकवून नाहीशी केली आणि त्यानंतर खालच्या वर आणल्या. बाकी काही बदललं नाही. तक्रारी थांबल्या.

वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सनने १९९३ मध्ये मांडलेले आकडे अजून लागू पडतात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला वाटतं आपणच ते केलं. १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. त्यामुळे माझा हिशोब: बटण दाबल्यावरचा प्रतिसाद १०० ते १५०, काही उघडणं-सरकणं २०० ते ३०० मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाच्या वरचं काहीही मी तीनदा विचार करून ठेवतो. अडीच सेकंद म्हणजे... असो, जुनाजाणतांनी सांगितलंच आहे.

सतरामिलिसेकंद | मंगळवार, दुपारी १.१५

(नाव १६.६७ ठेवायचं होतं, टिंब चालेना.)

आईंच्या फोनवर चित्रं का अडखळली ते सांगतो. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात. म्हणजे एका चौकटीसाठी ब्राउझरकडे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात त्याला तीन कामं उरकायची असतात: प्रत्येक वस्तू कुठे आणि केवढी ते मोजणं, ती रंगवणं आणि रंगवलेले थर एकमेकांवर ठेवणं. तुम्ही उंची, रुंदी, मार्जिन किंवा टॉप हलवलंत तर दर चौकटीला पहिल्यापासून सुरुवात. सावली हलवलीत तर मोजणी वाचते, पण रंगकाम होतंच. ट्रान्सफॉर्म (वस्तू सरकवणं, फिरवणं, लहान-मोठी करणं) आणि ओपॅसिटी या दोघांना मात्र फक्त शेवटचं काम लागतं आणि ते मुख्य धाग्याबाहेर (स्क्रिप्ट जिथे चालते त्या कामाच्या रांगेबाहेर) ग्राफिक्स चिपच्या मदतीने होऊ शकतं. म्हणून मुख्य स्क्रिप्ट गुंतलेली असली तरी ती हालचाल गुळगुळीत राहते.

तुमच्या प्रकारांना लावून बघू. तरंगत येणं ट्रान्सफॉर्मने केलंय का टॉपने, तपासा. माउसवाली सावली: मोठी सावली आधीच सीएसएसने जोडलेल्या एका जादा 'आफ्टर' थरावर रंगवून त्याची ओपॅसिटी शून्य ठेवा, माउस आला की एक करा. डोळ्याला तेच दिसतं, खर्च नाममात्र. पॅरलॅक्स बहुधा स्क्रोलच्या इव्हेंटवर (ब्राउझर 'स्क्रोल झालं' अशी सूचना देतो तेव्हा) बॅकग्राउंड पोझिशन बदलून केलाय. तो काढाच. जुन्या फोनवर सगळ्यात जास्त तोच रखडतो.

आणि कोणी 'विल-चेंज सगळीकडे लावा' (म्हणजे ही वस्तू हलणार असं ब्राउझरला आधीच कळवा) असं सांगितलं तर ऐकू नका. प्रत्येक वेगळा थर मेमरी खातो.

टिचकी | मंगळवार, दुपारी १.४०

वरचं सगळं मान्य, पण मला वेगळीच शंका येतेय. "बऱ्याच वेळाने चित्रं आली." रेघोट्या, एकेक चित्र केवढं आहे?

रेघोट्या | मंगळवार, दुपारी २.०५

स्कॅन केलं तसंच ठेवलंय. ४००० बाय ३००० पिक्सेल, साधारण ३ एमबी. पण दाखवताना सीएसएसने रुंदी ३६० केलीय ना?

टिचकी | मंगळवार, दुपारी २.१२

सापडला चोर. ४२ गुणिले ३ म्हणजे १२६ एमबी. तुमची लायब्ररी विंडोच्या लोड इव्हेंटवर सुरू होत असणार, आणि तो इव्हेंट पानावरची सगळी चित्रं उतरल्याशिवाय येत नाही. म्हणजे ४२ वं चित्र येईपर्यंत पहिलंही अदृश्य!

सतरामिलिसेकंद | मंगळवार, दुपारी २.२०

अरे देवा. मी नुसता अॅनिमेशनवर प्रवचन देत बसलो. सीएसएसने रुंदी कमी केली तरी फाइल पूर्णच उतरते. शिवाय उलगडल्यावर पिक्सेलमागे ४ बाइट लागतात: १ कोटी २० लाख पिक्सेल गुणिले ४, म्हणजे एका चित्राला ४ कोटी ८० लाख बाइट मेमरी. सहा वर्षांच्या फोनने आईंना चित्रं दाखवली हेच उपकार.

दोन-तीन मापांत छोट्या प्रती बनवा, एसआरसीसेटमध्ये द्या (ब्राउझर त्यातली योग्य मापाची निवडतो), खालच्या चित्रांना लोडिंग लेझी लावा (ती जवळ आल्यावरच उतरतात) आणि विड्थ-हाइट एचटीएमएलमध्येच लिहा, म्हणजे चित्र आल्यावर मजकुराला धक्का बसणार नाही.

खडूस_काका | मंगळवार, दुपारी २.३१

म्हणजे रोग पोटात आणि मलम गुडघ्याला. छान.

पुसटशी | मंगळवार, दुपारी ३.००

धागा वाचनखुणेत साठवला. माझी साइट आता बघवत नाहीये.

खिडकीबाहेर | मंगळवार, संध्याकाळी ६.२५

थोडं अवांतर. मी एका पानावर ढग सरकवले होते. रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम (दर चौकटीआधी ब्राउझर आपलं फंक्शन चालवतो ती सोय) वापरलं, शहाण्यासारखं. दर चौकटीला ढग १ पिक्सेल पुढे. छान संथ, दुपारच्या आभाळासारखे. काम दिलं, वाहवा झाली. महिन्याभराने निरोप आला, "ढग पळतायत." मी माझ्याकडे बघितलं, नाही पळत. त्यांच्याकडच्या दुसऱ्या संगणकावरही नाही. फक्त एकीच्या मशीनवर. दोन दिवस डोकं आपटलं. शेवटी कळलं, तिने नवा १२० हर्ट्झचा मॉनिटर घेतला होता. सेकंदाला १२० चौकटी, म्हणून १२० पिक्सेल. ढग बरोब्बर दुप्पट वेगात.

त्या फंक्शनला ब्राउझर दर वेळी चालू वेळ देत असतो, मी तो कधी वापरलाच नव्हता. मागच्या चौकटीपासून किती वेळ गेला ते मोजून त्या प्रमाणात ढग सरकवले, झालं. एक ओळ. दोन दिवस.

बिनधास्त_बटण | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

तिच्याकडे पाऊसही लवकर आला असेल.

भोवरा | मंगळवार, रात्री ९.१०

नावावर हसू नका, ते मुद्दाम घेतलंय.

माझ्या आतल्या कानात बिघाड आहे. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कान म्हणतो आपण स्थिर आहोत, की मेंदू गोंधळतो. पॅरलॅक्सचं पान मी चार-पाच वेळा वरखाली केलं की मळमळायला लागतं, आणि मग तासभर आडवं पडायचं. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं तेव्हा अॅप उघडताना-मिटतानाची ती झूम बघून अनेकांना हेच झालं, आणि मग तो हालचाल कमी करण्याचा पर्याय लोकांना माहीत झाला. आता जवळपास प्रत्येक फोनात आणि संगणकात तो असतो, आणि 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' या मीडिया क्वेरीने (सीएसएसमधल्या अटीने) तुमच्या सीएसएसला तो वाचता येतो. चार ओळींचं काम आहे.

सगळं बंद करा असं मी म्हणत नाही. रंग बदलला, वस्तू हळूच उमटली, बटण किंचित दबलं, याने मला काही होत नाही. मोठी वस्तू लांबवर सरकणं, झूम आणि मी एक बोट सरकवलं असता पानाने दोन वेगांनी सरकणं, हे तीन माझे वैरी.

जुनाजाणता | मंगळवार, रात्री ९.३२

भोवरा, धन्यवाद. मी इतकी वर्षं पानं हलवली, हे कधी मनात आलं नाही.

लुकलुकण्याबद्दलही सावध राहा, मंडळी. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा झगमगाट काही सेकंद दाखवला आणि शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत म्हणूनच आहे की एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये. आणि आपोआप सुरू होऊन बाकीच्या मजकुराशेजारी ५ सेकंदांहून जास्त हलत राहणारं काही असेल तर ते थांबवायची सोय हवी. माझा फावडेवाला या नियमाने पहिल्याच दिवशी घरी गेला असता.

अर्धविराम | मंगळवार, रात्री १०.०५

भोवरांच्या त्या चार ओळींबद्दल एक खड्डा सांगून ठेवतो. आम्ही त्या क्वेरीखाली सरळ सगळ्या ट्रान्झिशन (सीएसएसने हळूहळू होणारे बदल) बंद केल्या. दुसऱ्या दिवशी बोंब: खिडकी मिटतच नाही. कारण खिडकी मिटल्याची साफसफाई 'ट्रान्झिशन संपली' या इव्हेंटवर टांगली होती. ट्रान्झिशनच नाही तर ती संपणार कशी? ज्यांच्यासाठी सोय केली तेच खिडकीत अडकले. तेव्हापासून महत्त्वाचं कुठलंच काम मी हालचालीच्या शेवटाला बांधत नाही.

पुसटशी | बुधवार, सकाळी ८.२०

अडाणी प्रश्न. ईझ, ईझ-आउट, क्युबिक-बेझिए हे काय प्रकरण आहे? मी अंदाजे आकडे टाकते आणि वस्तू कधीकधी मागे जाऊन पुढे येते.

खिडकीबाहेर | बुधवार, सकाळी ८.५०

अडाणी कसला, मला फार आवडणारा विषय. पिअर बेझिए हा रेनो कंपनीतला इंजिनिअर. गाडीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवायला तो या वक्ररेषा वापरायचा. त्याच्या आधी सित्रोएनमध्ये द कास्तेल्जोने तेच शोधलं होतं, पण कंपनीने गुपित ठेवलं, म्हणून नाव बेझिएचं झालं. आज तीच रेषा तुमचं बटण किती झपकन निघेल आणि किती हळू थांबेल ते ठरवते. आडवा अक्ष वेळेचा, उभा प्रगतीचा. चार आकडे म्हणजे दोन मुठींच्या जागा, त्यांना धरून रेषा वाकवायची. उभा आकडा शून्याखाली किंवा एकावर गेला की वस्तू मागे जाते किंवा ओलांडून परत येते. तुमच्याकडे तेच होतंय.

व्यवहारात: येणारी वस्तू ईझ-आउट, म्हणजे वेगात येऊन हळू टेकणारी. जाणारी ईझ-इन, म्हणजे हळू निघून वेग घेणारी. लिनिअर, म्हणजे एकाच वेगाची, फक्त गोल फिरणाऱ्या चकतीला.

रेघोट्या | बुधवार, सकाळी ९.१५

अहो, मुठी धरून रेषा वाकवणं मी रोज करते, व्हेक्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये. तेच आहे हे?? कोणी आधी का नाही सांगितलं!

लायब्ररीचं मात्र राहिलं. ठेवू का काढू?

टिचकी | बुधवार, सकाळी ९.४०

काढा. जेक्वेरी या लायब्ररीच्या दिवसांत, २००६ नंतर, ब्राउझरला काही येत नव्हतं म्हणून लायब्ररी लागायची. ती बिचारी दर १३ मिलिसेकंदांनी टायमर मारून आकडे बदलायची. आता चित्र नजरेच्या टप्प्यात आलं की नाही हे ब्राउझरमधलाच इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर सांगतो. दहा-बारा ओळी. बाकी सीएसएस.

सतरामिलिसेकंद | बुधवार, सकाळी ९.५५

तेही कमी होतंय. क्रोम ११५ पासून, म्हणजे २०२३ पासून, सीएसएसमध्ये अॅनिमेशन-टाइमलाइन आली. स्क्रोल हाच घड्याळाचा काटा, एक ओळ स्क्रिप्ट नाही. सपोर्ट्सच्या नियमात गुंडाळा: ज्या ब्राउझरला येतं तिथे चित्र तरंगेल, नाही तिथे नुसतं उभं राहील. कोऱ्या पानाची भीतीच गेली.

जुनाजाणता | बुधवार, सकाळी १०.३०

लायब्ररीला सरसकट शिव्या नकोत. दहा वस्तू एकामागोमाग, मध्येच थांबवून, उलट्या चालवायच्या असतील तर जीसॅप या लायब्ररीला तोड नाही. आणि चित्रकारांनी आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम पानावर आणायला लॉटी आहे. रेघोट्याताई, हे नाव लॉटे रायनिगरवरून ठेवलंय. ती जर्मन बाई काळा कागद कात्रीने कापून सावल्यांचे चित्रपट करायची. १९२६ मध्ये तिने पूर्ण लांबीचा चित्रपट केला, चौकट-चौकट हाताने सरकवून. तुमच्या कुळातली आहे.

बिनधास्त_बटण | बुधवार, सकाळी १०.४१

आणि माउसचं काय? फोनवर माउस नसतो. चित्राला बोट लागलं की ते मोठं होतं आणि दुसरीकडे टेकवेपर्यंत फुगूनच बसतं. होव्हरची (माउस वर नेता येतो का ते बघणारी) मीडिया क्वेरी आहे, तिच्या आत टाका. आणि जे माउसला ते कीबोर्डच्या फोकसलाही द्या, टॅब दाबत फिरणारेही वाचक असतात.

रेघोट्या | शनिवार, रात्री ११.२०

तीन दिवस बसून केलं. हिशोब देते.

चित्रांच्या तीन मापांच्या प्रती केल्या, ग्रिडमधलं एकेक आता ६० केबीच्या आसपास. लायब्ररी काढली. पॅरलॅक्स काढला, आणि खरं सांगू, कुणालाही तो गेल्याचं कळलं नाही. चित्रं आता ४० ऐवजी १२ पिक्सेल वर येतात, तीही फक्त सतरामिलिसेकंद म्हणाले त्या सीएसएसने. सावलीची युक्ती चालली. प्रिंटमध्ये ४२ च्या ४२.

पेन्सिल काढवेना. म्हणून दारातून हलवून मथळ्याखाली आणली, पान आधी दिसतं आणि मग रेघ ओढली जाते, एक सेकंदात. ती एसव्हीजीच्या (गणिती रेषांच्या चित्राच्या) स्ट्रोक-डॅशऑफसेटने केली, त्याने रेघ हळूहळू उमटते. पण रेघ अगदी गुळगुळीत, बॉलपेनसारखी दिसत होती. शिसाचा दाणा कुठे? मग कागदावर खरी रेघ ओढली, स्कॅन केली आणि एसव्हीजीची जाड रेघ तिच्यावर मास्क म्हणून ठेवली. आता मास्क सरकतो आणि खालून खरी रेघ उघडते. ३बी पेन्सिल, मध्ये जिथे जोर दिला तिथे काळी झालीय तेही दिसतं. भोवरांची क्वेरी लावली: हालचाल नको असेल त्यांना रेघ आधीच काढलेली दिसते.

आईला दाखवलं. चित्रं झटकन आली, खूश झाली. मग म्हणाली, "पण ती पेन्सिल का गं काढलीस? तेवढीच तर मी मैत्रिणींना दाखवत होते."

टिचकी | शनिवार, रात्री ११.३१

म्हणजे? रेघ आहे ना?

रेघोट्या | शनिवार, रात्री ११.५०

रेघ आहे, पण ती ओढली जात नाही, आयती काढलेली दिसते. फोन हातात घेऊन शोधलं. भावाने दोन वर्षांपूर्वी फोन जरा जलद वाटावा म्हणून 'अॅनिमेशन काढून टाका' चालू करून ठेवलं होतं. आईला माहीतही नाही. माझी साइट तिचा फोन सांगतो तेच ऐकतेय. आधीची पेन्सिल कुणाचं ऐकत नव्हती म्हणून दिसत होती!

खडूस_काका | रविवार, सकाळी ६.५८

आता काय, नियम मोडणार?

भोवरा | रविवार, सकाळी ८.३०

मोडायची गरज नाही. रेघेशेजारी एक लहानसं बटण ठेवा, दाबलं तरच पेन्सिल फिरेल. क्वेरी काहीही म्हणो. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींचा मला त्रास होतो. मी स्वतः दाबलं तर मला माहीत असतं पुढे काय येणार. आणि एवढीशी रेघ तर मीही बघेन.

खडूस_काका | रविवार, सकाळी ८.४५

हेच मी मंगळवारपासून सांगतोय. पान मी उलटतो.

रेघोट्या | रविवार, दुपारी १२.१०

बटण केलं. त्यावर 'पुन्हा काढ' लिहिलं होतं, पण आई म्हणाली ते 'काढून टाक' सारखं वाचलं जातं, दाबायला भीती वाटते. सध्या 'रेघ ओढ' आहे. तिने सकाळपासून नऊ वेळा दाबलंय. दहाव्यांदा पेन्सिल मध्येच अडकली, कारण आधीची रेघ पुरी व्हायच्या आत तिने पुन्हा दाबलं. त्यासाठी वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

अर्धविराम | रविवार, दुपारी १२.१८

इथेच. चालू अॅनिमेशन आधी कॅन्सल करताय की नुसता क्लास काढून परत लावताय?